मुंबई विद्यापीठ आणि वऱ्हाडचा कापूस



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. विद्यापीठाचा इतिहास ऐकायचा तर एखादा प्राध्यापक बोलवावा. जिनिंग-प्रेसिंग कामगारांच्या युनियनचा माणूस तेथे कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही विद्यार्थी म्हणून कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत, आणि अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाच्या बाकावर. तरीही मुंबई विद्यापीठाविषयी बोलण्याचा आमचा थोडाफार हक्क आहे असे आम्ही समजतो, आणि तोच हक्क तुमचाही आहे. तो हक्क कापसाचा. तो कसा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मात्र मुंबईला जाण्याआधी जरा विलायतेचा फेरा घ्यावा लागेल. कारण विद्यापीठाला त्याच्या पैशाचा हिशेब विचारावा, ही रीत आम्हांला तिकडच्याच एका विद्यापीठाने शिकवली.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरी १४५१ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. अर्थशास्त्राचा ॲडम स्मिथ तेथे प्राध्यापक होता. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट तेथे उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. प्राध्यापक आणि कारागीर एका आवारात होते, ही गोष्ट आमच्यासारख्याला विशेष वाटते. या विद्यापीठाने १७९२ साली गुलामांचा व्यापार बंद करावा म्हणून पार्लमेंटकडे अर्ज केला होता. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जेम्स मॅक्क्यून स्मिथ नावाचा काळा मुलगा तिकडच्या कॉलेजांनी झिडकारला, तेव्हा ग्लासगोने त्याला घेतले आणि १८३७ साली तो तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडला. म्हणजे विद्यापीठाचे नाव चांगलेच म्हणायचे. परंतु २०१८ साली त्याच विद्यापीठाने आपल्या जुन्या वह्या स्वतःच उघडल्या आणि जाहीर केले की, आम्हांला ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांतल्या कितीतरी जणांचा पैसा वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या पाठीतून निघालेला होता. आजच्या भावाने तो पैसा किती? मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे कमीत कमी १ कोटी ६७ लाख पौंड, आणि जास्तीत जास्त १९ कोटी ८० लाख पौंड. हा आकडा कोणा विरोधकाने काढला नाही, विद्यापीठाने काढला. पुढे २०१९ साली त्यांनी वेस्ट इंडीजच्या विद्यापीठाशी करार केला आणि संयुक्त संशोधनासाठी २ कोटी पौंडांची तजवीज करण्याचे मान्य केले.

ऑक्सफर्डलाही असेच प्रकरण आहे. तेथल्या ऑल सोल्स कॉलेजात एक भव्य ग्रंथालय आहे. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाचा गृहस्थ १७१० साली वारला. बार्बाडोस बेटावर त्याच्या घराण्याचे उसाचे मळे आणि मळ्यांवर गुलाम. त्याने मृत्युपत्रात १०,००० पौंड आणि आपली पुस्तके या कॉलेजला दिली. तीनशे वर्षे ग्रंथालय त्याच्या नावाने चालले. २०२० साली कॉलेजने ते नाव सोडले. पुतळा मात्र ग्रंथालयात तसाच ठेवला. पुतळा ठेवावा की काढावा यावर तिकडे बरीच भांडणे झाली. आम्हांला त्या भांडणात फारसा रस नाही. दगडाला हलवल्याने कोणाची मजुरी वाढत नाही. आमचे लक्ष त्या वह्यांवर. मालकाकडे बोनसची बोलणी करायला बसलो की आम्ही पहिल्यांदा ताळेबंद मागतो. भाषण नंतर.

आता मुंबईला येऊ.

१८५७ साल आपल्याला बंडाचे साल म्हणून ठाऊक आहे. त्याच साली हिंदुस्थानात तीन विद्यापीठे निघाली: जानेवारीत कलकत्ता, १८ जुलैला मुंबई, सप्टेंबरात मद्रास. मुंबईचे विद्यापीठ लंडनच्या विद्यापीठाच्या धर्तीवर काढले होते. म्हणजे शिकवायचे कॉलेजांनी आणि विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या. स्वतःची इमारत नाही, वर्ग नाहीत. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली; १३२ मुले बसली, २२ पास झाली. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पहिल्याच घाण्याला एवढे तेल निघावे, ही गोष्ट लहान नव्हे, आणि हे विद्यापीठाचे श्रेय आम्ही कोठेही कमी करीत नाही.

परंतु परीक्षा घ्यायला पैसा फारसा लागत नाही. इमारत बांधायला लागतो. तो पैसा आला कोठून?

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथल्या दक्षिणेकडील राज्यांत सुमारे चाळीस लाख गुलाम होते, आणि त्यांनी पिकवलेल्या कापसावर मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्या चालत. विलायतेला लागणाऱ्या कापसाचे चार हिस्से धरले तर तीन हिस्से तेथूनच येत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि कापूस बंद झाला. लँकेशायरचे मजूर उपाशी पडले. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली, आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला चौपट-पाचपट भाव आला.

हा कापूस गुजरातचा होता, खानदेशचा होता, धारवाडचा होता. आणि वऱ्हाडचा होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला होता. इंग्रजांनी तो कशाला घेतला याची कारणे बखरीत फौजेच्या खर्चाची दिलेली असतील, पण काळी जमीन त्यांना दिसत नव्हती असे कोणी म्हणू नये. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या मालाला 'ऊमरा' असे नाव पडले. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे हे आपले गाव. ज्या लिव्हरपूलकराला हे गाव नकाशावर दाखवता आले नसते, तो दररोज त्याचे नाव घेऊन सौदा करीत होता. तेव्हा रेल्वे येथवर आली नव्हती. बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून माल खानदेशातून पश्चिमेकडे जाई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला आणि १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. हे फाटे कापसाचे आहेत. उतारूंची सोय मागाहून झाली.

मुंबईत त्या चार वर्षांत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे सुरतचे जैन गृहस्थ, कापसाचे आणि शेअरांचे व्यापारी, त्या पुराचे राजे होते. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे अशी इच्छा, ती राजाबाई. पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी एक लाख दिले. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध थांबले, भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. बॅकबेची जमीन भरून काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला होता, त्याला कोणी विचारीना. प्रेमचंदांचा डोलारा कोसळला, पण दान उरले. १८६९ साली पाया घातला आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. उंची २८० फूट. आराखडा विलायतेच्या गिल्बर्ट स्कॉटचा. तो स्वतः मुंबईला कधी आला नाही.

आता कोणी म्हणेल, प्रेमचंदांच्या चार लाखांत वऱ्हाडचा किती आणि गुजरातचा किती? तसा हिशेब कोणालाही करता यायचा नाही. पैसा वखारीतून निघाला की त्याला गाव राहत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तो मनोरा कापसाच्या तेजीतून उभा राहिला. त्या तेजीचे मूळ टोक अमेरिकेतल्या गुलामाच्या पाठीशी होते आणि दुसरे टोक वऱ्हाडातल्या पऱ्हाटीशी. ग्लासगोला आणि मुंबईला जोडणारा धागा तो हाच. तिकडे गुलामाच्या श्रमाचा पैसा, येथे गुलामाची सुटका होत असताना चढलेल्या भावाचा पैसा. आम्ही प्रेमचंदांना गुन्हेगार ठरवीत नाही. त्यांनी दिले म्हणून आज ते ग्रंथालय आहे. त्यांच्याच वेळचे कितीतरी शेठ काहीही न देता गेले, त्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत.

आणि वऱ्हाडच्या कुणब्याला काय मिळाले? तेजीच्या दोन-तीन वर्षांत त्यालाही चांगला भाव मिळाला. गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, अशा गोष्टी जुने लोक सांगत. खऱ्या-खोट्या असोत; लोकांना त्या सांगाव्याशा वाटत, एवढे पैसे तेव्हा फिरले. परंतु ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला तो शिरलाच. भाव पडला तरी सारा तोच, सावकाराचे व्याज तेच. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले, तेव्हा या सुपीक मुलखात माणसे अन्नावाचून मेली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर उतरली. कापसाच्या गाठी मात्र आगगाडीने मुंबईला जातच होत्या.

युनियनच्या मोर्चाबरोबर आम्ही आझाद मैदानावर अनेकदा गेलो आहोत. दुपारी मंत्र्याचे बोलावणे येईपर्यंत वेळ असतो. अशा एका दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहून आम्ही राजाबाई टॉवर नीट पाहिला. आमच्याबरोबर अकोल्याच्या जिनमधल्या चार बाया होत्या. मनोऱ्याच्या अंगावर वर माणसांच्या मूर्ती आहेत. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या चोवीस मूर्ती. त्या घडवणाराही आपलाच माणूस, मुकुंद रामचंद्र, सहायक इंजिनिअर. खालून डोळे ताणून पाहावे तर पागोटी दिसतात, अंगरखे दिसतात. आमच्यातली एक बाई म्हणाली, "भाऊ, ह्यात कापूस वेचणारी कुठी हाये?" आम्हांला काही दिसली नाही. इतक्या उंचीवर नक्की सांगता येत नाही म्हणा.

दगडात जाती चढल्या. पण आत कोण चढले? १८८२ साली हंटर साहेबाचे शिक्षण कमिशन बसले. त्या वेळी मुंबई इलाख्याच्या सगळ्या कॉलेजांत मिळून शेतकऱ्यांची मुले एका पंजावर मोजण्याइतकी होती, आणि अस्पृश्य म्हणून गणलेल्यांपैकी एकही नव्हता. त्याच कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. सरकारचा वसूल बहुतांशी राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असे त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितले. आमच्या मते विद्यापीठाचा ताळेबंद मागणारा आपल्याकडचा पहिला माणूस तो. आणि त्याच निवेदनात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे एका गोष्टीसाठी अभिनंदनही केले आहे. खासगी रीतीने घरी अभ्यास केलेल्या मुलांना प्रवेश परीक्षेला बसू देण्याचे विद्यापीठाने ठरवले होते. तशीच मुभा वरच्या परीक्षांनाही द्यावी, असे फुल्यांनी सुचवले. वाचनालयाच्या बाकावर शिकलेल्या माणसाला ही सूचना किती गोड लागते, हे आम्ही काय सांगावे!

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. आमच्या धंद्याचे ते आद्य पुरुष. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या काय होत्या? रविवारी सुटी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला बंद व्हावे. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावी. पहा, सूर्यास्ताला! सहा वर्षांपूर्वीच त्याच शहरात दोन लाखांचे घड्याळ टोले देऊ लागले होते, विलायती गाण्यांच्या चाली वाजवू लागले होते. आणि गिरणीतला माणूस आपला वेळ सूर्यावर मोजावा एवढेच मागत होता. घड्याळ मालकाच्या हातात गेले की काम वाढते, हे त्याला कळत होते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. आज शाळा-कॉलेजांतले लोक रविवारी घरी बसतात, त्यांच्यापैकी किती जणांना लोखंड्यांचे नाव ठाऊक असेल?

विद्यापीठाच्या दाराशी बायकांचीही गोष्ट अशीच. नियमांत जेथे तेथे पुरुषवाचक शब्द. तेव्हा मुलगी परीक्षेला बसू शकते की नाही यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट चालला. १८८० च्या दशकात दार उघडले. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. पहिली आली म्हणून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. बाई आहे म्हणून नाकारली. इतरांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण तेथे बायकांना पदवी देण्याची पद्धतच नव्हती. ती आली १९२० साली, आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली १९२२ साली. परीक्षा आणि पदवी यांच्यात तीस वर्षे. आम्ही लेबर कोर्टातले रखडलेले दावे पाहिले आहेत, पण हा दावा त्यांच्या पंक्तीला बसतो.

मराठीची गोष्ट तर घरचीच. प्रारंभी मराठी विद्यापीठाच्या परीक्षांत होती; १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून ती काढून टाकली. विद्यापीठाचे पहिले फळ जे रानडे, त्यांनी आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत झगडून तिला परत जागा मिळवून दिली.

मग भीमराव रामजी आंबेडकर आले. बडोद्याच्या महाराजांच्या दरमहा पंचवीस रुपयांवर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. पुढचे कोलंबिया, लंडन आपणा सर्वांना ठाऊक आहे. आम्ही सांगतो ती गोष्ट १९२७ सालची. मुंबईच्या कायदे कौन्सिलात विद्यापीठाच्या कायद्याचे बिल आले होते. आंबेडकर तेथे नेमलेले सभासद. त्यांनी सवाल केला की, विद्यापीठ चालवणाऱ्या सिनेटवर मागासलेल्या वर्गांची माणसे का नसावीत? परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यासाठी विद्यापीठ नाही, गरिबाच्या दारापर्यंत विद्या नेणे हे त्याचे काम आहे, अशी त्यांची भूमिका होती. जे विद्यापीठ चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकाही अस्पृश्य विद्यार्थ्याला ओळखत नव्हते, त्याला त्याचाच पदवीधर हिशेब विचारीत होता. ग्लासगोच्या मॅक्क्यून स्मिथची आठवण आम्हांला येथे होते. दार एकदा जरी उघडले, तरी आत गेलेला माणूस दाराचीच चौकशी करतो.

वऱ्हाडातून मुंबईला कोण गेले? दादासाहेब खापर्डे एल्फिन्स्टनचे. १८७७ साली बी. ए., १८८४ साली एलएल. बी. रंगनाथ नरसिंह मुधोळकरही एल्फिन्स्टनचे. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. दोघांनीही अमरावतीत वकिली केली, दोघेही थोर. पण कापूस लाखो गाठींनी गेला आणि मुलगे बोटांवर मोजावे इतके. कापसाच्या या राजधानीत सरकारी कॉलेज निघाले १९२३ साली, किंग एडवर्ड कॉलेज, ज्याला आपण पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणू लागलो. नागपूरचे विद्यापीठही त्याच सालचे. तेजीपासून मोजले तर साठ वर्षे. मनोरा नऊ वर्षांत झाला!

नंतरचे सर्व आपल्या डोळ्यांसमोरचे, म्हणून झरझर सांगतो. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डहून विद्या घेऊन परत आले, ते मुंबईत वकिली थाटायला थांबले नाहीत. अमरावतीला आले आणि शेतकऱ्याच्या मुलांसाठी छात्रालय आणि शाळा काढत बसले. शिवाजी शिक्षण संस्थेचा पसारा त्यातून वाढला. १९६७ साली कृषी विद्यापीठ अकोल्याला हवे म्हणून वऱ्हाडात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे विद्यापीठ झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव आहे. विद्यापीठासाठी माणसे मरतात हे युरोपातल्या इतिहासात वाचले की आपण माना डोलावतो. अकोल्यात मेलेल्यांची नावे किती जणांना सांगता येतील? १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ निघाले, आणि २००५ साली त्याला संत गाडगे बाबांचे नाव दिले. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते. जगात दुसरे विद्यापीठ असे असेल की नाही, ठाऊक नाही. आम्हांला मात्र या नावाचा अभिमान वाटतो.

आणि तरीही, मंडळी, दाराचा प्रश्न मिटला नाही. दोन वर्षांपूर्वी एक तरुण आमच्या कचेरीत आला. एम. ए., पीएच. डी., सेट पास. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. नेमणूक सत्र सुरू होऊन दोन-अडीच महिन्यांनी मिळते, परीक्षेआधी संपते, मानधन कधी सहा महिन्यांनी. त्याला मागणीपत्र कसे लिहावे ते शिकायचे होते. शेजारी जिनमधला आमचा एक जुना कामगार बसला होता. जिनचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. दोनशे चाळीस दिवस भरत नाहीत, म्हणून कायमपणा नाही, रजा नाही. तो सारे ऐकून घेत होता, आणि म्हणाला, "सर, तुमचा बी हंगामच आहे म्हणा की." डॉक्टर हसला, पण मागणीपत्रावर सही करायला त्याचा हात काही केल्या उचलेना. पुढच्या सत्रात आपल्याला बोलावणार नाहीत ही भीती. अंगठा उठवताना जिनमधल्या बाईचा हात जसा थरथरतो, तसाच.

त्याच जिनमधल्या एका बाईची मुलगी बी. एस्सी.ला आहे. बाई यंत्रावर कापूस टाकते. दिवसभर तोंडाला फडके, संध्याकाळी केस पांढरे. ती म्हणते, "भाऊ, पोरीले शिकोतो मी, पण फी भराले हप्ता देत नाहीत अन् आम्हाले पगार हप्त्यानंच भेटते." विद्यापीठाचा सारा अर्थशास्त्र विभाग बसला तरी याहून नेमके वाक्य लिहिणार नाही.

आता आमची मागणी. भाषणे पुष्कळ होतात. युनियनच्या माणसाने मागणी ठेवल्याशिवाय खाली बसू नये.

ग्लासगोला हिशेब करता आला, कारण वह्या होत्या. आपल्याकडे त्या रोज मरत आहेत. वऱ्हाडात जिन बंद पडत आहेत. अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्या कधीच बंद झाल्या. जागा विकली जाते, भंगारवाला येतो, यंत्र कापतो, आणि कचेरीतली कागदपत्रे किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यांत हजेरीपट असतात, मजुरीचे दर असतात, कोणत्या गावचा किती कापूस आला, कोणत्या शेठाने किती गाठी कोठे पाठवल्या, अपघातात कोणाचा हात गेला आणि त्याला किती रुपये देऊन घरी पाठवले, हे सारे असते. एका बंद पडलेल्या जिनच्या आवारात आम्ही जुन्या हजेरीपटांचा ढीग पावसात भिजताना पाहिला. त्यातले चार तेवढे वाचवता आले. एका पानावर बायांच्या नावांपुढे हजेरीऐवजी त्यांच्या लेकरांची संख्या लिहिली होती. का, ते अजून आम्हांला उमगलेले नाही. इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याला उमगेल.

राजाबाई टॉवरची दुरुस्ती होऊन २०१५ साली तो पुन्हा उजळला, आणि २०१८ साली त्या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला. आनंद आहे. त्या मनोऱ्याच्या कापसाची जी कागदपत्रे वऱ्हाडात उरली असतील, तीही त्याच वारशाची आहेत. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या विद्यापीठांनी ती गोळा करावी, त्यासाठी एक खोली आणि पगारावरचा एक माणूस द्यावा. तासिकेवरचा नव्हे, पगारावरचा. असे निवेदन आम्ही तयार केले आहे, ते सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर राहील.

आणि या सभागृहात ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची अडत होती, दुकान होते, जिन होते, त्यांनी माळ्यावरच्या वह्या रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा आम्हांला कळवावे. घरातली गुपिते उघडी पडतील अशी भीती असेल तर ती पाने बांधून ठेवू, पन्नास वर्षे कोणी उघडणार नाही. युनियनच्या कचेरीतले एक लोखंडी कपाट आम्ही रिकामे केले आहे. कचेरी रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी असते. हंगामात मात्र आठनंतर यावे, कारण आमचे लोक पाळी सुटल्याशिवाय येत नाहीत.